त्याग कुणी मागायचा?

सामाजिक संस्थांमधला एक वाद आता बैठकीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून राजीनाम्यापर्यंत पोचू लागला आहे. संस्था ध्येयवादावर चालावी की नियमांवर, हा तो वाद. खालचा संवाद रचलेला आहे. त्यातली माणसं कल्पित आहेत, मुद्दे मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेत ऐकू येतील असे. दादा सॉफ्टवेअर कंपनीतली मोठ्या पगाराची नोकरी सोडून तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेचे संचालक झाले आहेत. ताई तिथेच वीसेक वर्षं काम करतात आणि महिला समुपदेशन केंद्र सांभाळतात. कंपनीतून आलेला माणूस नियम मागणार आणि जुनी कार्यकर्ती ध्येयवाद सांगणार, असं सहसा धरलं जातं. इथे उलटं आहे.

दादा : ताई, तुमचं टिपण वाचलं. नियुक्तिपत्र, वेतनश्रेणी, रजेचे नियम, तक्रार समिती आणि वर संचालकाची मुदत. ज्यातून सुटून मी इथे आलो, नेमकं तेच तुम्ही माझ्या टेबलावर आणून ठेवलंत.

ताई : तुम्ही सुटून आलात, दादा. आम्ही त्यात कधी नव्हतोच. तुम्हाला प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपांचा कंटाळा आला, आमच्या निम्म्या लोकांनी ती स्लिप पाहिलेली नाही.

दादा : कंटाळा स्लिपांचा नव्हता. भिंतीवर कंपनीची मूल्यं फ्रेम करून लावलेली असायची. प्रत्येक गोष्टीला धोरण होतं. तरी एक दिवस सकाळी ११ ला माझ्या टीममधल्या सहा जणांना बोलावलं आणि १२ ला त्यांचे लॅपटॉप जमा झाले. सगळं अगदी नियमाप्रमाणे. इथे मागच्या पावसाळ्यात तुमच्या केंद्रातल्या मुलीच्या वडिलांना अटॅक आला, तेव्हा रात्री २ ला संस्थेची गाडी निघाली. कुणी फॉर्म भरला नाही, कुणाची मंजुरी घेतली नाही. चार जण आळीपाळीने दवाखान्यात बसले. हे नियमाने झालं असतं?

ताई : नसतं झालं. आणि ते मला हवंच आहे. पण पुढचं ऐका. ती मुलगी महिनाभर वडिलांजवळ राहिली. त्या महिन्याचं मानधन द्यायचं, हे कुणी ठरवलं? तुम्ही. दिलंत, चांगलं केलंत. तुम्ही यायच्या आधी पाड्यावरच्या एका कार्यकर्तीचं मूल असंच आजारी होतं. तिला मिळालं नाही. जीव दोघींवर तेवढाच होता सगळ्यांचा. पण एकीचं म्हणणं वरपर्यंत पोचलं, दुसरीचं नाही. लेखी नियम नसला की पदरात काय पडेल ते बोलण्याच्या धिटाईवर ठरतं. आणि धिटाई कुणाकडे असते, हे तुम्हाला माहीत आहे. शिकलेल्याकडे, शहरातून आलेल्याकडे, वरच्या जातीतल्याकडे.

दादा : म्हणजे माझ्या निर्णयावर विश्वास नाही?

ताई : तुमच्यावर आहे. पण तुमच्या स्वभावावर पन्नास घरं चालावीत, हे बरं नाही. नियम नसले की संचालकाचा स्वभाव हाच नियम होतो. तुम्ही मायाळू आहात म्हणून तुम्हाला तो दिसत नाही इतकंच.

दादा : ठीक. पण ध्येयवादाचं काय करायचं? हा महाराष्ट्र आहे, ताई. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर काम करायचे. मनात आणलं असतं तर सरकारी नोकरीत त्याच्या कितीतरी पट मिळवू शकले असते. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तो सदस्यांना शपथ देऊन, की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. महर्षी कर्वे हिंगण्याहून पुण्याला पायी ये-जा करत. यांतल्या कुणी वेतनश्रेणी मागितली होती?

ताई : तुम्ही अर्धा इतिहास सांगितलात. याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० साली टिळक बाहेर पडले. वाद कशाचा होता? आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी का, वेळ संस्थेबाहेरच्या कामाला द्यावा का, याचा. म्हणजे पगाराचा आणि कामाच्या वेळेचा. इतकी मोठी माणसं, एकमेकांचे मित्र, एका ध्येयाने एकत्र आलेली. तीही याच प्रश्नावर फुटली. ध्येय एक असलं की हे प्रश्न आपोआप सुटतात, ही समजूत तेव्हाही खोटी ठरली होती.

दादा : पण त्याग तर केलाच ना त्यांनी.

ताई : केला. आता तुमच्या यादीतली माणसं पाहा. आजीव सदस्य कमी पगार घेत, पण संस्था चालवायचेही तेच. किती घ्यायचं, कुणाला सदस्य करायचं, कॉलेज कसं चालवायचं, हे ठरवणाऱ्या मंडळात ते स्वतः बसत. त्याग करणारा आणि निर्णय घेणारा एकच होता. आपल्याकडे त्याग करते पाड्यावरची कार्यकर्ती आणि निर्णय घेतं विश्वस्त मंडळ, ज्यातल्या एकाचंही घर संस्थेच्या मानधनावर चालत नाही. आपला त्याग आपण करावा, दुसऱ्याला तो करायला लावू नये. दुसऱ्याकडून करवून घेतला की ती फक्त कमी मजुरी असते.

दादा : हे लागलं. पण अडचण समजून घ्या. पैसा प्रकल्पाचा येतो, तीन वर्षांसाठी. प्रशासकीय खर्च म्हटलं की देणगीदार कपाळाला आठ्या घालतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये ५ टक्क्यांवर कुणी बोलूच देत नाही. पगार वाढवायचे कुठून?

ताई : दोन्ही नियम मी आपल्या सीएकडून समजून घेतले आहेत. परदेशी देणग्यांच्या नियमांत दवाखान्यातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, कारण तो थेट उद्दिष्टाचा खर्च. माझ्या केंद्रात समुपदेशक हेच काम आहे. ती काय दोन कपाटं आणि चार खुर्च्या आहे की ओव्हरहेड म्हणावं? आणि सीएसआरचे ते ५ टक्के कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहेत, २०२१ च्या नियमांत तसंच लिहिलंय. संस्थेच्या खर्चावर ती मर्यादा नाही. तरी कंपनीची माणसं तीच आपल्याला लावतात आणि आपण मान डोलावतो. प्रपोजलमध्ये खरा पगार आपणच लिहीत नाही. कमी आकडा लिहिला की काम मिळेल, ही घाई कुणाची?

दादा : माझी. कबूल. पण खरा आकडा लिहिला आणि प्रकल्प दुसऱ्या संस्थेला गेला तर?

ताई : तर जाऊ द्या एखादा. आपण दरवर्षी नवा विषय घेतो, कारण पैसा त्या विषयाला आहे. गेल्या वर्षी आपल्या त्याच सहा कार्यकर्त्या मुलींनी बचत गटही पाहिले, पोषणाचा सर्व्हेही केला आणि रात्री ११ ला व्हॉट्सॲपवर निरोप आला की उद्या डोनर व्हिजिट आहे, बायका जमवा. त्यांना कुणी विचारलं नाही की झेपेल का. संस्थेत माणसं थकतात ती कामाने कमी, नाही म्हणता येत नाही म्हणून जास्त.

दादा : थकण्याबद्दल तुम्ही टिपणात समुपदेशकांसाठी वेगळं कलम टाकलंय. ते मला नीट कळलं नाही.

ताई : सांगते. सकाळी १० ला केंद्र उघडतं. पहिली बाई येते, तिच्या पाठीवर वळ असतात. तिचं ऐकायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, पोलीस ठाण्याला पत्र करायचं. ती उठत नाही तोवर दुसरी दारात. तिला माहेरही नाही आणि सासरही नाही. संध्याकाळपर्यंत अशा पाच-सहा जणी. माझी मुलगी, म्हणजे आपली समुपदेशक, घरी जाते तेव्हा तिच्या पर्समध्ये मोबाइल चालूच असतो, कारण यातल्या कुणाचा तरी रात्री फोन येणार. हे वर्षानुवर्षं. तिचं कोण ऐकतं? मी लिहिलंय ते एवढंच, की दर पंधरवड्याला बाहेरच्या अनुभवी व्यक्तीसोबत त्यांनी बसावं, केसेसबद्दल आणि स्वतःबद्दल बोलावं. रात्रीचा फोन आळीपाळीने घ्यावा. ज्या आठवड्यात एखादी केस फार वाईट गेली, त्या आठवड्यात एक दिवस सुटी, कारण न विचारता. याला पैसा फार लागत नाही.

दादा : यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तक्रार समितीवर. कंपनीत मी त्या समित्या पाहिल्यात. वर्षातून एकदा ऑनलाइन प्रशिक्षण, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट. सगळे पास. आणि ज्याच्याबद्दल अख्ख्या मजल्याला माहीत होतं, तो बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेला. कागदाने संस्कृती येत नाही, ताई.

ताई : कागदाने येत नाही, खरंय. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा आला कुठून, ते आठवा. राजस्थानात भंवरी देवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या. गावात बालविवाह थांबवणं हे त्यांचं कामच होतं. ते केलं म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ साली कायदा झाला. तो आपल्यासारख्याच एका बाईच्या अंगावर जे गुदरलं त्यातून आला. आणि आज दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती हवी, त्यात एक सदस्य बाहेरचा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा या प्रश्नांची जाण असलेला हवा, असं तो सांगतो. त्याप्रमाणे मी तालुक्यातल्या दोन कारखान्यांच्या समित्यांवर जाते. तिथे त्यांना कायदा समजावते. आपल्या संस्थेत समितीच नाही.

दादा : आपल्याकडे तशी तक्रार कधी आलीच नाही.

ताई : कुणाकडे येणार? संस्थेत ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो आरोपी नसतो, आदरणीय असतो. पोरीला पहिलं वाक्य ऐकवलं जातं, की संस्थेची बदनामी होईल, इतक्या वर्षांचं काम मातीत जाईल. कंपनीत निदान तिला कुणी असं म्हणत नाही की तुझ्यामुळे गरिबांचं नुकसान होईल. चांगलं काम हेच गप्प बसवायचं साधन होतं. तक्रार आली नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा मी तरी काढणार नाही.

दादा : मान्य. समिती करू. तरी मूळ मुद्दा मी सोडत नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. वेगवेगळ्या जातींच्या बायका प्रशिक्षणाला एकत्र यायच्या, एकत्र जेवायच्या. पुढे त्याच बायकांकडून शिकायला देशोदेशीचे लोक आले. हे कुठल्या धोरणाने घडलं? दोन डॉक्टर त्यांच्याशी कसं वागले त्याने घडलं. संस्कृती वरच्या माणसाच्या वागण्यातून झिरपते.

ताई : जामखेडबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण त्या बायका दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी येत होत्या, हेही सांगा. आज वेळ आहे म्हणून बोलवलं, उद्या नाही म्हणून रद्द, असं नव्हतं. वागणं चांगलं होतं आणि त्याला नेम होता. आपल्याकडे पाहा. मासिक बैठकीत आपण सगळे सतरंजीवर गोल बसतो. खुर्ची कुणालाच नाही. फोटोत छान दिसतं. पण तुम्ही ‘मला वाटतं’ म्हणालात की चर्चा संपते. नंतर एकच माणूस वहीत इतिवृत्त लिहितो आणि त्यात ‘सर्वानुमते’ येतं. विश्वस्तांच्या सभेचं तर विचारूच नका. ठराव आधी तयार होतो आणि वही सह्यांसाठी घरोघरी फिरते.

दादा : मी मुद्दाम शेवटी बोलायला लागलोय हल्ली.

ताई : पाहिलंय मी. फरकही पडलाय. मागच्या बैठकीत पाड्यावरची मंडळी पहिल्यांदा प्रवासभत्त्याबद्दल बोलली. पेट्रोल कुठल्या कुठे गेलं, आपला दर किलोमीटरला तोच राहिला, हे तुम्हाला तेव्हा कळलं. म्हणून तर म्हणते, हे तुमच्या चांगुलपणावर सोडू नका. बैठकीत आधी गावपातळीवरचे बोलतील आणि संचालक शेवटी, हा नियमच करा. उद्या तुम्ही नसाल.

दादा : आलात शेवटच्या कलमावर. संचालकाची मुदत. ताई, खंबीर नेतृत्वाशिवाय संस्था उभीच राहत नाही. बाबा आमटे नसते तर आनंदवन नसतं. समितीने कधी माळरानावर बाग फुलवली आहे?

ताई : नाही फुलवली. सुरुवात एकटं माणूसच करतं. पण कर्व्यांचंच उदाहरण घ्या, तुम्हीच काढलंत. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि बारा वर्षांनी, १९०८ साली, निष्काम कर्ममठ. कशासाठी? संस्थांना वाहून घेणारी माणसं तयार करण्यासाठी. एकट्याच्या पायांवर संस्था किती चालणार, हे त्या चालणाऱ्या माणसाला कळलं होतं. गोखले तर १९१५ साली गेले, भारत सेवक समाज निघून जेमतेम दहा वर्षं होत होती. गांधींनी समाजात यावं अशी गोखल्यांची इच्छा होती, गांधींनाही यायचं होतं. पण सदस्यांत मतभेद झाले, विचार पटत नाहीत असं काहींनी स्पष्ट सांगितलं. गांधींनी स्वतःच अर्ज मागे घेतला आणि श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. गोखले गेल्यावर, गोखल्यांच्या मनातल्या माणसाबद्दलही सदस्य ‘नाही’ म्हणू शकले. निर्णय चूक की बरोबर, यावर आपण भांडू. पण निर्णय घेणारी माणसं आणि पद्धत तयार होती. आपल्याकडे उद्या तुम्ही आजारी पडलात तर देणगीदाराचा फोन नंबरसुद्धा दुसऱ्या कुणाकडे नाही.

दादा : तो आहे माझ्या...

ताई : तुमच्या मोबाइलमध्ये. तेच म्हणते.

दादा : बरं, मुदत घातली. तीन वर्षं, फार तर आणखी तीन. पुढे? आपल्यातून कोण तयार आहे? इंग्रजीत प्रपोजल लिहिणारं, कंपनीच्या माणसांशी बोलणारं?

ताई : इंग्रजी ही नेतृत्वाची परीक्षा कधीपासून झाली? प्रपोजल लिहिणाऱ्याला आपण एक पगार देतो आणि ज्यांच्या कामावर ते लिहिलं जातं त्यांना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मग दुसरी फळी कशी उभी राहणार? हुशार पोरं तीन वर्षं आपल्याकडे शिकतात आणि सरकारी योजनेत किंवा शहरातल्या मोठ्या संस्थेत जातात. आपण त्यांना निष्ठा कमी म्हणून नावं ठेवतो. पुढच्या वर्षीपासून देणगीदाराच्या बैठकीला तुमच्याबरोबर एक जण पाड्यावरचा घेऊन जा. बजेट त्यांच्यासमोर मराठीत मांडा. आणि विश्वस्त मंडळाच्या सभेत कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी बसू द्या. सुरुवातीला मत नसलं तरी चालेल, पण कान असावेत.

दादा : विश्वस्त म्हणतील, संस्थेत युनियन आणली.

ताई : म्हणू द्या. १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बंगलोर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सांगितलं होतं, की धर्मादाय असा शिक्का असला म्हणून संस्था आपोआप तेव्हाच्या औद्योगिक कायद्याबाहेर जात नाही. मालकाचं मन मोठं असलं म्हणून कामगार कामगार राहत नाही असं थोडंच आहे? विश्वस्तांना मी हेही सांगेन, की आपण गावात जाऊन काय शिकवतो. किमान वेतन मागा, ग्रामसभेत बोला, बाईला निर्णयात घ्या, माहिती आणि हिशेब मागा. हे सगळं उंबऱ्याबाहेर. उंबऱ्याच्या आत आपण सरपंचापेक्षा वेगळे आहोत का?

दादा : तुम्ही माझ्या कंपनीत असायला हवं होतं.

ताई : तिथे मला कुणी घेतलं नसतं. इथे घेतलं, म्हणून तर भांडतेय.

दादा : मग माझ्याही काही अटी. हे सगळं लिहायचं, पण दहा पानांच्या वर नाही, आणि मराठीत. कंपनीतल्यासारखा मूल्यमापनाचा तक्ता मी आणणार नाही. कुणाच्या कामाला एक ते पाच असे गुण मिळणार नाहीत. बाईचा संसार सावरला की मोडला यावर समुपदेशकाला टक्केवारी द्यायची, हे मला जमणार नाही. आणि रात्री २ ला गाडी लागली तर ती निघेलच, नियम काहीही म्हणो.

ताई : पहिल्या दोन्हींना माझा होकार. तिसरीत एक शब्द घालू, की कुणासाठीही. आणि गुण नसले तरी वर्षातून दोनदा प्रत्येकाशी निवांत बोलणं हवं. काय जमलं, काय जड गेलं, पुढे काय शिकायचंय. तसंच बोलणं तुमच्याशीही, आमच्याकडून.

दादा : माझं मूल्यमापन तुम्ही करणार?

ताई : वर्षाअखेरी. विश्वस्तांसमोर. घाबरू नका, आम्ही गुण देत नाही.

दादा : आणि एवढं करूनही मनं जुळली नाहीत तर? नियम आहेत, समिती आहे, प्रतिनिधी आहे, आणि तरी माणसं एकमेकांशी तुसडेपणाने वागतायत, असं झालं तर?

ताई : होईल कधीतरी. मोठमोठ्यांचं झालं. पण तेव्हा भांडायला जागा असेल. माझ्या लेखी निरोगी संस्थेची खूण एवढीच, की तिथे पोटावर पाय न येता ‘नाही’ म्हणता येतं. खालच्या माणसाला वरच्याला, आणि वरच्याला पैसे देणाऱ्याला. यातलं दुसरं तुमचं काम आहे, ते आमच्याने होणार नाही. त्यासाठी खंबीर माणूस लागतो, तुम्ही म्हणता तसा.

दादा : म्हणजे पहिला ‘नाही’ मीच म्हणायचा. पोषणाच्या सर्व्हेची मुदतवाढ आलीय, त्याच पैशांत. परवा उत्तर द्यायचंय.

ताई : त्या सहा मुलींना विचारून द्या.